आठ किलो सातशे: एका अलकच्या संपादनाची हकिगत

आमच्या दिवाळी अंकात अलकची आठ पानं असतात. अलक म्हणजे अति लघु कथा. आमची मर्यादा 150 शब्दांची आहे आणि ही पानं मी नव्या लिहिणाऱ्यांसाठी राखून ठेवते. ज्यांचं अजून कुठेच काही छापून आलेलं नाही, त्यांना आधी जागा. अंकाचा पसारा लहान, माणसं आम्ही तीन: मी, एक तरुण सहसंपादक, आणि प्रूफं वाचणारे एक निवृत्त शिक्षक.

ही हकिगत त्या पानांवरच्या एकाच कथेची. तिच्या संपादनात आमच्याकडून मोठी चूक झाली, आणि ती चूक छापली जाऊन टपालाने वर्गणीदारांच्या घरी पोचली. नव्या लेखकाला हात द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला त्या चुकीने शिकवलं. म्हणून सगळं जसं घडलं तसं मांडते आहे. माणसांची आणि गावाची नावं देत नाही. कथा इथे देण्याला लेखिकेची परवानगी आहे.

कथा आली जूनच्या शेवटी, व्हॉट्सॲपवर, चार फोटोंतून. निळ्या शाईचं गोल अक्षर, आणि कागद उलट बाजूने छापील. पोषण आहाराच्या कुठल्यातरी जुन्या तक्त्याच्या पाठीवर लिहिलं होतं, रकान्यांच्या रेघा शाईतून दिसत होत्या. खाली ओळ होती: “मी अंगणवाडी सेविका आहे, तालुका जत. पहिल्यांदाच लिहिलं आहे. चुकलं असेल तर सांगावे.”

हस्तलिखिताचे फोटो घ्यायचे की नाही, यावर आमच्यात पूर्वी वाद झाला होता. बरेच अंक युनिकोडमधली वर्ड फाइलच मागतात, आणि त्यांची अडचण मला कळते. डीटीपीवाल्याला नव्याने टाइप करावं लागतं, पैसे लागतात, चुका वाढतात. पण फाइलची अट घातली की कोण गळतं ते बघा. लॅपटॉप नसलेली, मोबाइलवर मराठी टाइप करताना दमणारी, पण वहीत झरझर लिहिणारी माणसं गळतात. त्यात बायका जास्त असतात. शब्दमर्यादा 150 ची आहे, चार फोटो टाइप करायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास आम्ही द्यायचा असं ठरलं होतं, आणि या कथेनंतर त्याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

कथा साडेचारशे शब्दांच्या वर गेली होती. यातही नव्या लोकांचा एक प्रामाणिक घोटाळा असतो. हिंदीत ‘लघुकथा’ म्हणजे ही एवढीशी, पानाच्या आत संपणारी गोष्ट. मोठीला तिथे ‘कहानी’ म्हणतात. मराठीत मात्र ‘लघुकथा’ हा शब्द कादंबरीहून लहान अशा नेहमीच्या कथेसाठी रुळला. त्यामुळे लघुकथेपेक्षा लहान म्हणजे किती लहान, हा अंदाज लोकांना येत नाही. त्यांचं चुकत नाही, नावंच तशी पडली आहेत.

कथेत ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची दोन वर्षांची मुलगी होती. सेविका दसऱ्याच्या सुमारास तिचं वजन करते, मग कुटुंब कोयता घेऊन ट्रकमध्ये बसून जातं, आणि गुढीपाडव्यानंतर परत आल्यावर पुन्हा वजन होतं. एवढंच. पण सुरुवातीला एक परिच्छेद दुष्काळावर होता, मध्ये एक मुकादमाच्या उचलीवर, म्हणजे तो आगाऊ देतो त्या पैशांवर, आणि शेवटी गरिबी, समाज, सरकार यांच्याविषयी दहा-बारा वाक्यं. “कधी जागा होणार हा समाज?” हे शेवटचं.

मी तिला उत्तर पाठवलं. ते इथे देते, कारण इथवर आमचं बरोबर चाललं होतं असं मला अजूनही वाटतं.

“ताई, तुमची गोष्ट वाचली. वजनकाट्याजवळचे दोन्ही प्रसंग मी तीनदा वाचले. ते तुमच्याशिवाय दुसरं कुणी लिहू शकणार नाही. आता दोन गोष्टी बघा. पहिली: सुरुवातीचा दुष्काळाचा परिच्छेद झाकून वाचा. गोष्ट समजायला काही अडतं का? दुसरी: शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. त्यात वाचकाला आधीच कळलेलं नाही असं काय आहे? जे आधी कळलेलं नसेल तेवढंच ठेवा. आईचं बोलणं तुम्ही जसं ऐकता तसंच ठेवा. घाई नाही, 20 जुलैपर्यंत पाठवा.”

कुठली वाक्यं काढा ते मी सांगितलं नव्हतं. झाकून वाचायला सांगितलं, एवढंच. हा हातखंडा माझा नाही. जुन्या संपादकांच्या हाताखाली तयार झालेल्या एका लेखकाने मला तो शिकवला. लेखकाने स्वतः झाकून वाचलं की त्याला स्वतःलाच दिसतं, आणि जे स्वतःला दिसलं ते पुढच्या कथेतही दिसतं. आपण लाल पेनाने खोडून दिलं तर ही एक कथा बरी होते, पुढची पुन्हा तशीच येते.

नवव्या दिवशी नवा फोटो आला. या वेळी एकच.

“दसऱ्याला वजन केलं तेव्हा पोरगी काट्यावर उभी राहायला तयार नव्हती. आई म्हणाली, ‘बाई, लवकर करा, ट्रक उभा हाय.’ आठ किलो सातशे. वहीत लिहिलं. आईच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, बापाच्या हातात कोयता. पुढचे पाच महिने तिच्या नावासमोर मी एकच शब्द लिहीत गेले. स्थलांतरित.

पाडव्यानंतर पोरगी आली. केस तांबूस झालेले. आता ती आपणहून काट्यावर चढली. दोन्ही हात सोडून सरळ उभी राहिली, मोठ्या माणसासारखी. आईनं विचारलं, ‘किती भरली?’

आठ किलो सातशे.

‘म्हंजी तेवढीच हाय की,’ आई म्हणाली. ‘कमी तर न्हाई झाली.’

मी पेन्सिल घेतली आणि तक्त्यावर ठिपका दिला.”

साडेचारशे शब्दांची गोष्ट शंभराच्या आत आली होती. ती वाचून मी खुर्चीतून उठले आणि चहा ठेवला, ते आठवतं. पोरीचं आपणहून काट्यावर चढणं, हात सोडून उभं राहणं! सहा महिन्यांत पोर मोठी झाली, वजन सोडून सगळ्या बाबतींत. मी लगेच कळवलं: “ताई, घेतली.”

आणि इथेच पहिली चूक झाली, ती माझी. शेवटच्या ओळीतला ठिपका मला कळला नव्हता. मला वाटलं, ती नोंद करते, म्हणजे काम पुढे चालू राहतं, असा काहीतरी थंड शेवट आहे. बरा आहे, पण जरा अर्धवट, असं मनात आलं. ते मी तिला विचारलं नाही. कथा आवडली होती, तिने मेहनत घेतली होती, पुन्हा शंका काढून तिचा हिरमोड कशाला करायचा, असं वाटलं. नव्या लेखकाशी बोलताना आपण हे नेहमी करतो. कौतुक सढळ हाताने करतो आणि न कळलेली गोष्ट स्वतःजवळ ठेवतो. त्याला आपण हळुवारपणा समजतो.

सप्टेंबरमध्ये अंकाची पानं लागत होती. दिवाळी अंकाचा सप्टेंबर ज्यांनी बघितला आहे त्यांना सांगायला नको. जाहिराती शेवटच्या क्षणी येतात, एखादा मोठा लेख लांबतो, मग छपाईचा एक फॉर्म सोळा पानांचा असल्यामुळे कुठेतरी अर्धं पान कापायचं, कुठे पाव पान भरायचं. मी दोन दिवस छापखान्यात होते. अलकची पानं सहसंपादकाकडे होती.

हा मुलगा मनापासून काम करणारा. स्वतः चांगल्या कविता लिहितो. नव्या लोकांच्या कथा गाजाव्यात अशी त्याची तळमळ माझ्यापेक्षा काकणभर जास्तच असेल. त्याने ही कथा वाचली आणि त्यालाही तेच वाटलं जे मला वाटलं होतं: शेवट अर्धवट आहे. फरक एवढाच, की त्याने तो पुरा केला. छापून आलं ते असं:

“पाडव्यानंतर आई आली. एकटीच. मी काट्याकडे बघितलं. काटा शून्यावर होता. वहीत तिच्या नावासमोर मी पुन्हा तोच शब्द लिहिला. स्थलांतरित.”

मी पान बघितलं रात्री साडेअकराला. बदल लक्षात आला. “शेवट जमला रे,” असंही म्हणाले. लेखिकेला कळवलं का, हे विचारलं नाही. मोठ्या लेखांची प्रूफं आम्ही लेखकांना पाठवत असू. अलकची नाही, कारण शंभर शब्दांचं काय प्रूफ पाठवायचं. पानावर सही माझी आहे. म्हणून या प्रकरणात सहसंपादकाकडे बोट दाखवण्याचा मला अधिकार नाही.

अंक निघाला आणि त्या वर्षीच्या अलकमध्ये सर्वांत जास्त फोन याच कथेला आले. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवते. बदललेला शेवट लोकांना आवडला. एका वाचकाने सांगितलं, अंगावर काटा आला. एका शाळेने वाचनाच्या कार्यक्रमात ती घेतली. संपादन यशस्वी झालं की नाही हे वाचकांच्या प्रतिसादावरून ठरवायचं असेल, तर आमचं संपादन फार यशस्वी झालं होतं.

दिवाळीनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी तिचा फोन आला. मला वाटलं, अंक मिळाल्याचं सांगेल.

“मॅडम, पोरगी जित्ती हाय.”

मला काही सुचेना.

“आत्ता इथंच हाय. सकाळी खिचडी खाऊन गेली. यंदा तिच्या आज्जीपाशी ठेवलीय, म्हणून हितंच हाय. तुम्ही तिला मारलं मॅडम.”

आवाज चढलेला नव्हता. पुढचं तिने जे सांगितलं ते ऐकताना मी उभीच होते. कथा लिहिली तेव्हा तिने ती आधी पोरीच्या आईला वाचून दाखवली होती. नाव घातलेलं नसलं तरी गावात वाचणाऱ्याला कळणारच होतं, म्हणून. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली होती, “बरोबर लिवलंय.” मग अंक आला. गावातल्या एका शिक्षकाने तो वाचला आणि कारखान्यावर असलेल्या आईबापांना कुणीतरी फोन केला: तुमच्या पोरीबद्दल काय छापून आलंय. आई तिकडे कोपीत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, पोर इकडे गावात. त्या फोननंतर रात्रभर आई इकडे फोन लावत राहिली, आणि गावात त्या रात्री रेंज नव्हती.

“मी अंक कुणाला दाखवला न्हाई,” ती म्हणाली. “माझं नाव पहिल्यांदा छापून आलंय, आणि मी तो पेटीत खाली ठेवलाय.”

पुढच्या रविवारी मी आणि सहसंपादक तिच्या गावी गेलो. पत्राने किंवा फोनवरून माफी मागून भागणार नव्हतं. अंगणवाडी बंद होती, पण तिने आमच्यासाठी उघडली. भिंतीवर फळांची चित्रं, कोपऱ्यात वजनकाटा, कपाटात वह्या. सहसंपादक सरळ म्हणाला, “ताई, शेवट मी बदलला. तुम्हाला न विचारता बदलला. माझं चुकलं.” तिने मान हलवली आणि चहा करायला आत गेली. मग बाहेर येऊन तिने आम्हाला वाढीचा तक्ता दाखवला. त्या दहा मिनिटांनी माझी संपादक म्हणून झोप उडवली.

तक्त्यावर खाली मुलाचं वय असतं, बाजूला वजन. वर हिरवा पट्टा, त्याखाली पिवळा, त्याखाली केशरी. पट्टे आडवे नसतात, वयाबरोबर वर चढत जातात. मुलीला दोन वर्षं पुरी झाली की 9 किलोच्या खालचं वजन पिवळ्यात येतं आणि 8 किलो 100 च्या खालचं केशरीत, म्हणजे तीव्र कमी वजन. अडीच वर्षांना ती केशरीची रेघ 8 किलो 900 वर गेलेली असते. दसऱ्याला पोरगी दोन वर्षांची होती: आठ किलो सातशे, पिवळ्यात. पाडव्यानंतर अडीच वर्षांची: आठ किलो सातशे, केशरीत.

तिने पेन्सिलीचं टोक आधी एका ठिपक्यावर ठेवलं, मग उजवीकडे सरकवत दुसऱ्यावर आणलं. दोन्ही ठिपके एकाच उंचीवर. मधून पट्टा बदललेला.

“आई म्हणाली कमी न्हाई झाली,” ती म्हणाली. “तिला काय सांगू? कमीच झालीय की.”

तिच्या कथेला शेवट होता. धक्कासुद्धा होता, आणि तो आमच्या धक्क्यापेक्षा कितीतरी खोल होता: आकडा तोच राहतो आणि पोर घसरते, आईला ते दिसत नाही, सेविकेला दिसतं, आणि ती बोलू शकत नाही. रोज तक्ता भरणाऱ्या बाईला ठिपका म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आम्हाला लागत होतं. एक प्रश्न विचारला असता तर पुरलं असतं: “ताई, तक्त्यावर ठिपका दिला म्हणजे काय होतं?” जुलैमध्ये, फोनवर, दोन मिनिटांत. त्या उत्तरातून एक वाक्य वाढलं असतं आणि कथा पुरी झाली असती. ज्याला आम्ही कथेची उणीव समजलो ती आमच्या माहितीची उणीव होती.

या प्रकरणावर नंतर आम्ही खूप बोललो. सहसंपादकाला तो शेवट सुचला कसा, हे त्याने स्वतःच शोधून काढलं. त्याने आदल्या दोन महिन्यांत आलेल्या सगळ्या अलक सलग वाचल्या होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच शेवटच्या ओळीत कुणीतरी मेलेलं असल्याचं कळून संपत होत्या. वाट बघणारी आई, आणि मुलगा मेलेला. फोनवर बोलणारा नवरा, आणि बायको फोटोत. अलक म्हणजे शेवटी धक्का, ही समजूत इतकी पक्की झाली आहे की धक्का नसलेली गोष्ट अपुरी दिसते. जगभर फिरणारी ती सहा शब्दांची इंग्रजी गोष्ट, न वापरलेले बाळाचे बूट विकायचे असल्याची, आपल्याकडेही प्रत्येक अलक-कार्यशाळेत सांगितली जाते. एका थोर अमेरिकन लेखकाच्या नावावर ती खपते. ती त्याची असल्याचा पुरावा नाही. तशा आशयाचा मजकूर तो शाळकरी वयाचा असताना वर्तमानपत्रांत येऊन गेला आहे. पण तो मुद्दा वेगळा. त्या सहा शब्दांचं वजन सगळं न दिसणाऱ्या मृत्यूवर आहे, आणि त्याच मापाने आपण इतरांच्या गोष्टी मापू लागलो आहोत.

मराठीला एवढ्याशा आकाराची सवय नाही असंही नाही. नाट्यछटा 1911 पासून लिहिल्या गेल्या, एका माणसाच्या बोलण्यातून अख्खं घर दिसणाऱ्या. पुढे रूपककथा आल्या. नाट्यछटांत धक्क्यापेक्षा माणसाचं स्वतःपासून लपवलेलं खोटं उघडं पडणं जास्त होतं. नव्या लेखकाला हे वाचायला देणं, हासुद्धा मदतीचा एक भाग आहे असं मी आता मानते. कथा परत करताना सोबत वाचायला दोन नावं सुचवते.

संपादकाने लेखकाच्या कथेत किती शिरावं, हा मराठीत जुना वाद आहे. ‘सत्यकथा’ या मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी कथेच्या ओळीओळीवर चर्चा करत, पत्रं लिहीत, कथा पुन्हा लिहायला लावत. त्यातून लेखक घडले, हे खरं. त्या मासिकाचा साचा झाला अशी टीकाही झाली, आणि 1969 मध्ये लघुअनियतकालिकांच्या, म्हणजे प्रस्थापित मासिकांविरुद्ध काढलेल्या छोट्या अंकांच्या, चळवळीतल्या तरुणांनी सत्यकथेचा अंक जाळला, हेही खरं. मला त्या पत्रांच्या परंपरेतली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: संपादक म्हणणं मांडत होते आणि कथा पुन्हा लेखकाच्या हातात जात होती. लेखणी लेखकाकडे राहत होती. आम्ही ती काढून घेतली होती, शंभर शब्दांत काय एवढं, असं म्हणून. उलट शंभर शब्दांतच ती काढून घेणं जास्त वाईट. तीस पानांच्या कथेतली चार वाक्यं बदलली तर कथा बहुधा टिकते. अलकमधली चार वाक्यं म्हणजे अर्धी गोष्ट.

बाहेर काय चालतं तेही पाहिलं. अमेरिकेतलं ‘स्मोकलाँग क्वार्टर्ली’ हे 2003 पासूनचं नियतकालिक केवळ अशाच छोट्या कथांचं आहे. एक सिगारेट ओढून होईपर्यंत वाचून होणारी कथा, असा त्या नावाचा अर्थ. त्यांनी नव्या लेखकासाठी फेलोशिप ठेवली. एकाच माणसाच्या मागे दीर्घकाळ उभं राहायचं, ही त्यातली कल्पना मला फार पटली. आमच्याकडे तेवढे पैसे नाहीत. पण दर वर्षी एका नव्या लेखकाशी वर्षभर पत्रव्यवहार ठेवायचा, त्याचं सगळं वाचायचं, छापायचं असो वा नसो, एवढं आम्ही सुरू केलं. त्याला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

बाकी जे बदललं ते साधं आहे. अलकचं प्रूफही आता लेखकाला जातं, फोटो काढून, व्हॉट्सॲपवर. “ठीक आहे” असं उत्तर आल्याशिवाय पान छापखान्यात जात नाही. शुद्धलेखनापलीकडे एकही शब्द बदलायचा असेल तर आधी प्रश्न, आणि प्रश्न विचारताना आपलं वाक्य सुचवायचं नाही. हे शेवटचं पाळणं सर्वांत अवघड जातं. आपल्याला चांगलं वाक्य सुचलेलं असतं, ओठांवर असतं. पण संपादकाने सुचवलेलं वाक्य नवा लेखक नाकारत नाही. त्याला वाटतं, यांना जास्त कळतं. माझ्या या लेखिकेलाही जुलैमध्ये तो शेवट सुचवला असता तर कदाचित तिने मान्य केला असता, आणि मग मला कधीच कळलं नसतं की पोरगी जिवंत आहे.

प्रूफं वाचणाऱ्या सरांशीही बोलणं झालं. छापलेल्या पानावर “उभा हाय” चं “उभा आहे” झालं होतं. सरांनी चाळीस वर्षं वह्या तपासल्या, हात आपोआप चालतो. संवादातली बोली आता ते पेन्सिलीने गोल करून सोडतात आणि मी लेखकाला विचारते.

एक अडचण सुटलेली नाही. काही नवे लिहिणारे स्वतःच म्हणतात, “तुम्हीच करा ना नीट, तुम्हाला पूर्ण परवानगी.” त्यांना प्रश्न पाठवले तर कंटाळतात, एक-दोघांनी कथा दुसरीकडे दिली. तिथे मी अजून अडखळते. पण नीट करून देत नाही.

माफीचं काय केलं, तेही सांगायला हवं. मूळ कथा एका पानावर छापून, “मागील अंकात ही कथा लेखिकेच्या परवानगीशिवाय बदलून छापली गेली, तो दोष संपादकांचा” अशा मजकुरासह सगळ्या वर्गणीदारांना टपालाने पाठवली. वाचन कार्यक्रम केलेल्या शाळेला मी स्वतः फोन केला. काही वाचकांनी कळवलं की त्यांना आधीचाच शेवट आवडला होता. त्यांना मी उत्तर लिहिलं, आणि उत्तरात फक्त तक्त्याची गोष्ट सांगितली. पोरीच्या आईला आम्ही भेटू शकलो नाही, ती कारखान्यावर होती. हंगाम संपवून ती परतल्यावर लेखिकेने ते पान तिला वाचून दाखवलं.

मूळ कथेत एकच वाक्य वाढलं. अंगणवाडीत बसून, तक्ता समोर ठेवून मी तिला विचारलं होतं की ज्याने हा कागद कधी बघितला नाही त्याला हे कसं कळेल. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग वहीच्या कोपऱ्यात लिहून दाखवलं. आता कथा अशी संपते:

“मी पेन्सिल घेतली आणि तक्त्यावर ठिपका दिला. दसऱ्याचा पिवळ्यात होता.”

यंदा जूनमध्ये तिची नवी कथा आली. पुन्हा तक्त्याच्या पाठीवर, पुन्हा निळी शाई, या वेळी पहिल्याच खेपेला 120 शब्द. खाली तीन ओळी होत्या: “मॅडम, पोरगी नऊ किलो आठशे झाली. गोष्टीत काही कळलं नाही तर फोन करा. दुपारी दोननंतर करा, तोवर पोरं असतात.”

मी अडीचला फोन केला. तीन प्रश्न होते.